अर्ध्या एकराचा ऊस बाटलीत जातो



गेल्या हंगामाच्या अखेरीस एका गटात शेतकी विभागाची बैठक होती. विषय नेहमीचेच. खोडव्याची निगा, पाचट न जाळणे, लागणीच्या नोंदी. बैठक उरकली, चहा आला आणि मागे बसलेल्या एक सभासद भगिनी उठून म्हणाल्या, "भाऊ, ऊस कसा वाढवायचा ते सांगितलं, बरं झालं. पण उसाचं बिल घरापर्यंत कसं आणायचं, ते कोण सांगणार? अन् बाटलीतली ती तरी कशातून निघते? आपल्या मळीतूनच ना?"

कोणी हसले, कोणी मान खाली घातली. त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

मळीचा हिशेब

आधी मळीचे बोलू, कारण त्यात लपवण्यासारखे काही नाही. एक टन ऊस गाळला की साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते, आणि एक टन मळीतून सव्वादोनशे-अडीचशे लिटर अल्कोहोल तयार होते. हे अल्कोहोल औषधांना लागते, रसायनांच्या कारखान्यांना लागते. २०२० साली करोनाच्या साथीत राज्यातील साखर कारखान्यांनी याच अल्कोहोलपासून सॅनिटायझर करून दिले. आता ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते आणि देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा २०२५ साली गाठला. उसाचे अल्कोहोल गाडीच्या टाकीत जळाले तर त्याचा पैसा उसाला मिळतो. पण त्यातला काही भाग दारू होऊन आपल्याच गावात परत येतो, हेही खरे आहे. भगिनींचा प्रश्न रास्तच होता.

आता घरचा हिशेब करू. रोजची एक क्वार्टर धरा. किंमत ब्रँडप्रमाणे कमी-जास्त असते. आपण दीडशे रुपयेच धरू. वर्षाचे झाले ५४,७५० रुपये. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला तीन हजार रुपये हातात पडतात असे मानले, तर हे सव्वाअठरा टनांचे बिल झाले. एकरी ३६ टनांचा उतारा धरला तर बरोबर अर्धा एकर. म्हणजे बेणे आपले, खत आपले, रात्रीचे बारे आपले, बारा ते अठरा महिने वाट पाहणे आपले, आणि अर्ध्या एकराचा ऊस परस्पर बाटलीत. शेजारच्याला पाजलेली, चकणा, उधारी, सकाळी बुडालेले काम, दवाखाना हे यात धरलेलेच नाही.

हे फार थोड्यांचे दुखणे आहे असे समजू नये. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली निघाला. त्यात देशातील सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे, असे दिसून आले. म्हणजे दर तीन पिणाऱ्यांत एकाहून अधिक.

पिण्याची कारणे आणि खरे-खोटे

आपल्याकडे पिण्याची कारणे तयार असतात. पहिले कारण थंडी. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पारा पाच-सहा अंशांवर उतरलेला, वीज रात्रीचीच, आणि बारे धरायला शेतात जायचे. "दोन घोट घेतले की ऊब येते," असे म्हणतात. ऊब आल्यासारखी वाटते ती अशी, की दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर येते. कातडी गरम लागते, पण शरीर आतून गार होत जाते. कुडकुडणेही कमी होते, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. थंडीच्या रात्री शेतात जाणाऱ्याने घोंगडी न्यावी, थर्मासमध्ये चहा न्यावा.

दुसरे कारण शीण. दारूने झोप लवकर लागते हे खरे, पण उत्तररात्री ती मोडते. चार वाजता छातीत धडधड होऊन जाग येते, तोंड कोरडे पडते. सकाळी अंग मोडून येते आणि तो शीण घालवायला संध्याकाळी पुन्हा तीच. शीण घालवायला घेतलेली दारूच असा नवा शीण देते.

तिसरे म्हणजे, "आम्ही दारू पीत नाही, फक्त बियर घेतो." इथे मापच घेऊ. ६५० मिलिलिटरच्या ८ टक्क्यांच्या कडक बियरमध्ये ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या ६०-६० मिलिलिटरच्या दोन पेगांत साधारण तेवढेच. आपला नाशिक जिल्हा द्राक्षांचा, आणि आता वाईनचाही झाला आहे. त्यावर पुष्कळांची रोजीरोटी आहे. पण यकृताला वाईन, बियर, देशी, इंग्लिश हा भेद कळत नाही. हातभट्टीत तर मिथेनॉल असण्याचे भय वेगळेच. मुंबईत मालवणी भागात जून २०१५ मध्ये अशा विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली.

यकृत तासाला साधारण १० मिलिलिटर अल्कोहोल निकामी करते. लिंबू, ताक, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही ते घाई करत नाही. एका क्वार्टरमध्ये सुमारे ७७ मिलिलिटर अल्कोहोल असते, म्हणजे सात-आठ तासांची बेगमी. रात्री अकराला बाटली संपवून पहाटे पाचला उसाची ट्रॉली जोडणारा ट्रॅक्टरवाला आपण शुद्धीवर आहोत असे समजतो, पण त्याच्या रक्तात ती असते. हंगामात आपल्या रस्त्यांवर अंधारात किती ट्रॉल्या असतात, हे काय सांगावे!

आणि चौथे, "थोडी घेतली तर औषधच." जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले, की प्रकृतीला निर्धोक असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ सालीच दारूला कर्करोगाच्या कारणांत पहिल्या गटात बसवले आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन या ठिकाणच्या कर्करोगांशी तिचा संबंध आहे. तंबाखू-गुटखा जोडीला असेल तर तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी वाढतो.

सोडल्यावर काय परत येते

दारूचे तोटे पुष्कळांनी पुष्कळ वेळा सांगितले आहेत. सोडल्यावर पदरात काय पडते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणून ते जरा सविस्तर लिहितो.

पहिला आठवडा कठीण. हात कापतात, घाम येतो, झोप येत नाही, चिडचिड होते. यात काही जणांना मोठा धोका असतो, त्याविषयी पुढे लिहिले आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पोटातली जळजळ कमी होऊ लागते आणि भूक लागते. सकाळची भाकरी गोड लागू लागली, ही खूण समजावी. झोप हळूहळू सलग होते.

महिन्याभरात रक्तदाब खाली येऊ लागतो. मधुमेह असलेल्यांची साखर औषधांना नीट दाद देऊ लागते. यकृतावर नुसती चरबी चढली असेल, तर काही आठवड्यांत ती बरीच उतरते. यकृत हा मोठा सोशिक अवयव आहे, वेळेवर सोडले तर तो सावरतो. मात्र चट्टे पडून ते घट्ट झाले असेल, म्हणजे 'सिरॉसिस' झाला असेल, तर ते पूर्ववत होत नाही. तरीही त्या अवस्थेत सोडणाऱ्याचे आयुष्य पिणाऱ्यापेक्षा वाढते. "आता सोडून काय उपयोग," हे म्हणणे त्या टप्प्यावरही चूक आहे.

मनाचेही तसेच. पुष्कळ जण उदास वाटते म्हणून पितात. प्रत्यक्षात ती उदासी बऱ्याच अंशी दारूनेच आणलेली असते आणि सोडल्यावर तीन-चार आठवड्यांत ती हटू लागते. तरीही न हटली तर तो वेगळा आजार समजून डॉक्टरांना दाखवावे. कर्जाच्या, पडलेल्या भावाच्या, घरातल्या भांडणाच्या रात्री दारू पोटात असली की माणूस टोकाचा विचार फार लवकर करतो, आणि शेतकऱ्याच्या घरात औषधाची बाटली हाताशीच असते. दारू सोडलेल्या घरात ती रात्र निभावून जाण्याची शक्यता वाढते. एवढा एकच फायदा असता, तरी तो पुरेसा होता.

घरात जे परत येते ते कोणत्याही तपासणीत दिसत नाही. संध्याकाळी मोटारसायकलचा आवाज आला की पोरे आतल्या खोलीत पळत होती, ती अंगणात थांबतात. सोसायटीचा हप्ता वेळेवर जातो. बेसल डोस उधारीवर न घेता रोखीने घेतला जातो. पहाटे उठून उसात फेरी मारणाऱ्याला खोडकिडा वेळेवर दिसतो, आणि आठ वाजता उठणाऱ्याला पोंगे वाळल्यावर.

एकदम सोडताना जपावे

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. जो वर्षानुवर्षे रोज आणि भरपूर पितो, सकाळी उठल्यावर घेतल्याशिवाय ज्याचे हात थांबत नाहीत, त्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत अशा माणसाला फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो, नसलेले दिसते, ताप चढतो, माणूस कोणाला ओळखत नाही. घरचे लोक त्याला बाहेरची बाधा समजतात आणि भगताकडे नेतात. ही बाधा नाही, दारू तुटल्याचा आजार आहे, आणि वेळेवर उपचार न झाल्यास तो जीव घेतो. दवाखान्यात चार-आठ दिवस औषधे आणि 'बी-१' जीवनसत्त्वाची इंजेक्शने देऊन हा काळ सुखरूप पार पडतो.

दुसरी धोक्याची सूचना माता-भगिनींना. "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतींवर, बसस्थानकांवर दिसतात. भाजीत कालवायची पूड मिळते. अशा पुडीत काय असते हे देणाऱ्यावाचून कोणाला ठाऊक नसते. काही वेळा त्यात डायसल्फिराम असण्याचा संभव असतो. हे खरे औषध आहे. दारू सोडण्यासाठी त्याचा उपयोग होतो हे १९४८ साली डेन्मार्कमध्ये लक्षात आले. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. माणसाला माहीत असेल तर तो या भीतीने पीत नाही, हाच त्या औषधाचा गुण. माहीत नसेल तर तो पितो, आणि प्रसंगी जिवानिशी जातो. तेव्हा चोरून काहीही देऊ नये.

गाडगेबाबांचे घर

गोदाकाठी गाडगे महाराजांची धर्मशाळा आपण सर्वांनी पाहिली आहे. सिव्हिलला पेशंट घेऊन गेलेल्या आपल्यापैकी कित्येकांना तिचा आसरा मिळाला असेल. बाबांच्या कीर्तनातला दारूवरचा प्रहार ऐकलेली जुनी माणसे अजून सांगतात. पण तो प्रहार आला कोठून, हे नव्या पिढीला ठाऊक नसते.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी झाला. नाव डेबू. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले, घर धुपत गेले आणि डेबू लहान असतानाच ते गेले. आई सखुबाई पोराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. गुरे राखत, नांगर धरत डेबू मोठा झाला. पुढे त्याच्या मुलीचे बारसे आले, तेव्हा जातभाईंना मटण आणि दारू देण्याचा रिवाज होता. डेबूने तो मोडला आणि बुंदीचे लाडू वाढले. पंगतीत कुरबूर झाली, पण तो बधला नाही.

बाबा पुढे मोठे झाले म्हणून ही गोष्ट मोठी वाटते. त्या दिवशी मात्र ती एका तरुण शेतकऱ्याची गोष्ट होती. बापाच्या दारूपायी आपण काय भोगले हे त्याने विसरू दिले नाही आणि भाऊबंदांच्या रागाची पर्वा न करता आपल्या दारातली दारू बंद केली. कीर्तने नंतर झाली. आधी बारसे झाले.

एकट्याने नव्हे, सोबतीने

आज उपचाराच्या सोयी आहेत. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी ते उभे केले. गर्दच्या व्यसनावरची अवचटांची लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांच्या देणगीने कामाला सुरुवात झाली. तिथे पाच आठवडे राहायचे असते. व्यायाम, योगासने, गटात बसून मोकळे बोलणे, झाडलोट स्वतः करणे असा दिनक्रम. कोणी मारीत नाही, कोंडून ठेवीत नाही. समुपदेशन करणाऱ्यांत स्वतः व्यसनातून उठलेली माणसे पुष्कळ आहेत. अनिताताई १९९७ साली आणि अवचट २०२२ साली गेले, पण काम चालू आहे.

दुसरी वाट 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'ची, जिला लोक 'ए. ए.' म्हणतात. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पक्के दारुडे, एकमेकांना आपली कथा सांगत बसले आणि त्यातून ही चळवळ जगभर पसरली. फी नाही, नाव विचारत नाहीत. आयुष्यभराची शपथ घ्यायची नाही, फक्त आजचा दिवस प्यायची नाही. उद्याचे उद्या. पाडव्याला घेतलेली शपथ आखाडात मोडणाऱ्या आपल्या माणसांना ही रीत मानवणारी आहे.

आपल्या जिल्ह्यात जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येते. फोनवर सल्ला हवा असेल तर नशामुक्तीची शासकीय हेल्पलाइन १४४४६ आणि मनाच्या आजारांसाठीची 'टेली-मानस' १४४१६ या क्रमांकांवर फुकट मिळतो.

पुन्हा घसरला तर? हराळी एका नांगरटीत जात नाही हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कांडी राहिली की फुटते, आपण पुन्हा वेचतो. शेत टाकून देत नाही. तसेच इथे. घसरलेल्या माणसाला "तुझ्याच्यानं व्हायचं नाही" असे म्हणू नये, पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे. पण एक लक्षात ठेवावे. "फक्त एक घोट" हे त्याच्यासाठी पुन्हा कधीच नसते.

घरच्यांनीही दोन गोष्टी पाळाव्यात. त्याची गुत्त्यावरची उधारी परस्पर फेडू नये आणि कामावर न गेल्याचे खोटे कारण सांगू नये. आणि त्याच्या पिण्याचा दोष घरच्या लक्ष्मीला देण्याची आपली जी वाईट खोड आहे, ती पहिली सोडावी.

आपण काय करू शकतो

कायद्याने वाट दिलेली आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात दारूबंदी हे राज्याचे उद्दिष्ट सांगितले आहे. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशानुसार गावातील महिला मतदारांनी पुरेशा सह्या करून मागणी केली, तर मतदान होऊन परवान्याचे दुकान बंद करता येते. 'आडवी बाटली' म्हणतात ते हेच. पण बाटली गावात आडवी झाली तरी घरात उभी राहू शकते, म्हणून आमच्या काही साध्या सूचना आहेत.

उसाचे बिल जमा होते ते खाते पती-पत्नीचे संयुक्त असावे. तोडणी टोळीला खूश करण्यासाठी बाटली देण्याची प्रथा बंद व्हावी. टोळीतल्या बाईच्या आणि लेकरांच्या पोटचे ती हिरावून घेते, आणि दुसऱ्या दिवशी कोयता हातावर बसण्याचे भयही असते. द्यायचेच तर किराणा द्यावा. मोळी टाकण्याच्या दिवशी, बैलपोळ्याला, लग्नाच्या वरातीत आणि निवडणुकीत पाजणाऱ्याला मोठा माणूस समजणे थांबवावे. ज्यांनी सोडली आहे अशा सभासदांनी आपल्या गटात एका तरी माणसाचा हात धरावा. त्याच्याबरोबर दवाखान्यात जावे, संध्याकाळी सात ते नऊ त्याच्याजवळ बसावे. तीच वेळ अवघड असते.

राहता राहिला भगिनींचा प्रश्न. ताई, मळी आपलीच आहे. तिचे काय व्हावे हे पुष्कळसे सरकार आणि बाजार ठरवतो. पण अर्ध्या एकराचे बिल घराच्या उंबऱ्याच्या आत यायचे की बाहेरच संपायचे, हे ज्याच्या त्याच्या दारात ठरते. पुढच्या बैठकीत हा विषय चहाच्या आधी घेऊ. ज्यांनी सोडली आहे, ज्यांना सोडायची आहे आणि ज्यांच्या घरात हे दुखणे आहे, त्या सर्वांनी जरूर यावे. नाव विचारले जाणार नाही.